तेहेतीस विरुद्ध एक

त्या मतदानाला काडीची किंमत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. त्यातून ना खासदार निवडून येणार होता, ना सरकार बनणार होतं, ना कुणाची अनामत जप्त होणार होती. दोन हजार चौदा साली, भारतात निवडणुकांचा धुरळा उडालेला असताना, सिंगापूरला जुरोंग ईस्टमधल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये आम्ही चौतीस मराठी माणसांनी एका रविवारी दुपारी देशाचा पंतप्रधान निवडला. पोरखेळ होता नुसता! पण त्या पोरखेळाने माझं जे नुकसान केलं ते कुठल्याही खऱ्या निवडणुकीने आजवर केलेलं नाही.

आमची सगळ्यांचीच मोठी विचित्र अवस्था होती. मतदार यादीत नाव कुणाचं पुण्याला, कुणाचं ठाण्याला. पण मत द्यायचं तर स्वतः तिथे हजर पाहिजे, आणि त्यासाठी रजा टाकून, विमानाचं तिकीट काढून कोण जाणार? इथे तर आम्ही नोकरीच्या पासवर राहणारी परकी माणसं, इथल्या मताचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तिकडेही नाही आणि इकडेही नाही. तोंडाला मात्र खंड नव्हता. एमआरटीच्या गाडीत, हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कॉफी पिताना, लिफ्टमध्ये, जिथे दोन मराठी पुरुष भेटतील तिथे तेच. बायका निदान मधूनमधून मुलांच्या परीक्षांवर तरी बोलायच्या.

आमच्या मराठी ग्रुपला एक अध्यक्ष होते. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना कुणी निवडलेलं नव्हतं, पण गणपती असो, दिवाळी असो, माइक त्यांच्याच हातात असायचा, म्हणून सगळे त्यांना अध्यक्ष म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. कल्पना त्यांचीच. म्हणाले, "खासदार-बिसदार काही नको, थेट पंतप्रधान निवडू. तीन नावं, चौथं 'यांपैकी कुणीही नाही'. अमेरिकेत अध्यक्ष निवडतात तसं. मजा येईल!"

आता माझ्याबद्दल सांगते. मी नागपूरची. वन-नॉर्थ भागात एका प्रयोगशाळेत संशोधक होते, म्हणजे दिवसभर पेशी वाढवायच्या आणि त्या मेल्या की पुन्हा वाढवायच्या. नवरा इंजिनियर, पण त्याच्या कंपनीचं काम इंडोनेशियात, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. आम्ही बौद्ध. हे मी ग्रुपमध्ये कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, सांगावं लागलंच नाही. पहिल्याच दिवाळीला एकींनी आडनाव विचारलं, मग "मूळचे कुठले?" झालं, नागपूर म्हटल्यावर "नागपुरात कुठे?" झालं, आणि मी वस्तीचं नाव घेतल्यावर त्या म्हणाल्या, "अच्छा, अच्छा." एकदा अच्छा म्हटलं तर ठीक असतं. दोनदा आलं की मला कळतं. पण कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. डबे यायचे, डबे जायचे. आमच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो होता. त्याकडे बघून न बघितल्यासारखं करण्यात सगळे तरबेज झाले होते.

न बघितल्यासारखं न करणारी एकच होती, माझी मैत्रीण. डोंबिवलीची. आमच्याच कॉन्डोत, चार मजले खाली. पहिल्यांदा घरी आली तेव्हा फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "आमच्या शाळेतही होता हा. पण तुमच्याकडचा छान स्वच्छ पुसलेला असतो." मला इतकं हसू आलं! तिचा नवराही चांगीलाच नोकरीला, रोज अर्धं सिंगापूर ओलांडून जायचा. ती नवऱ्याच्या पासवर आलेली, म्हणजे घरीच. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. दीड वाजता शाळा सुटली की बसने कॉन्डोत यायची ती थेट काकूकडे. तिथेच वरणभात, तिथेच होमवर्क, तिथेच झोप. मी यायची सात वाजता. बालवाडीपासून चार वर्षं हे असं चाललं होतं. मी पैशांचा विषय काढला की ती म्हणायची, "वेडी आहेस का गं? मला काय मुलगी आहे का दुसरी?" तिला मूल नव्हतं. लेक माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलायची आणि तिच्याशी पूर्ण मराठीत. जेवताना काकूच्या हातचा घास लागायचा. मला कधी हेवा वाटला नाही. उलट वाटायचं, चला, या परक्या गावात आपलं म्हणावं असं एक घर आहे.

तर ते मतदान. कॉन्डोचा हॉल घ्यायचा तर कारण द्यावं लागतं. इथे आमच्यासारख्यांनी राजकारणाचं नावसुद्धा काढायचं नसतं, तेव्हा अध्यक्षांनी वाढदिवस म्हणून हॉल घेतला आणि वाढदिवस म्हटल्यावर केक आणावाच लागला. त्यावर नुसतंच 'हॅपी बर्थडे', नाव कुणाचंच नाही. खालचे वॉचमन अंकल चक्कर मारायला आले आणि विचारलं, "हूज बर्थडे?" अध्यक्षांनी समोर दिसली म्हणून माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. अंकलनी तिला शुभेच्छा दिल्या, तिनेही गोड हसून थँक्यू म्हटलं. कार्टीचा वाढदिवस नोव्हेंबरात! सगळे पोट धरून हसलो.

मतपेटी म्हणजे लाडवांचा स्टीलचा डबा. दोन खांबांना चादर बांधून आडोसा केलेला. बोटाला लावायच्या शाईसाठी अध्यक्षांनी आधी मला विचारलं होतं, "तुमच्या लॅबमध्ये मिळेल ना?" मी म्हटलं, "अहो, लॅब आहे ती, वाण्याचं दुकान नाही." मग मार्कर आणला. प्रत्येकाने चादरीआड जायचं, चिठ्ठीवर फुली मारायची, घडी करून डब्यात टाकायची, बोट पुढे करायचं. फोटो काढायचे नाहीत, फेसबुकवर टाकायचं नाही, असं अध्यक्षांनी बजावून सांगितलं होतं.

मी कुणाला मत दिलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याची लाट होती त्यालाच दिलं. माझ्या वडिलांना कळतं तर ते माझ्याशी महिनाभर बोलले नसते. पण आमच्या वस्तीत वर्षानुवर्षं तीच ती माणसं मतं मागायला आली, गोड बोलली आणि नळाला पाणी शेवटपर्यंत अर्धा तासच राहिलं. म्हटलं, बघू तरी दुसरं कुणी काय करतंय. आणि तसंही हे मत कुठे मोजलं जाणार होतं?

मोजणी अध्यक्षांनी माइकवर केली. एकेक चिठ्ठी उघडायची, नाव वाचायचं, की लोक ओरडायचे. एकच नाव, पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच. मुलंही ओरडायला लागली. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या झाल्यावर ते थांबले. चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली आणि दुसरं नाव वाचलं.

"अरेच्चा! हे कोण बुवा?" कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. आणि हसता हसताच सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्या बाजूला वळल्या. कुणी बोट दाखवलं नाही. एक जण म्हणाला, "लोकशाही आहे बाबा, त्यांचाही हक्क आहे." त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. दुसरं कुणीतरी हळूच म्हणालं, "साहजिक आहे." तो 'साहजिक' माझ्या कानात अजून आहे. उरलेल्या चिठ्ठ्या वाचून झाल्या. तेहेतीस विरुद्ध एक. मैत्रीण केक कापत होती, तिने सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "खा गं तू."

माझं डोकं सणकलं होतं. पण बोलायचं तरी काय? 'मी नाही, मी नाही' असं ओरडायचं? मत गुप्त ना? मग बाकीच्यांना कुणी विचारत नाही आणि मीच का माझी चिठ्ठी सगळ्यांसमोर उलगडू? तुमच्यातलीच आहे हो मी, असं हात जोडून सांगायला मी काय पाप केलं होतं? मी केक खाल्ला. चव कळली नाही.

वाटलं होतं, आठ दिवसांत विसरतील. कसलं काय! व्हॉट्सअॅपवर माझं नावच 'एक मत' पडलं. "शनिवारी जेवायला किती जण?" "सोळा अधिक एक मत." त्यावर दात काढणारे चेहरे. मग आरक्षणाचे फॉरवर्ड यायला लागले. ते आधीही यायचे, पण आता खाली "कुणी मनाला लावून घेऊ नये" अशी तळटीप असायची. एक गृहस्थ बसस्टॉपवर गाठून म्हणाले, "राग मानू नका, पण तुमच्या लोकांना नक्की हवंय तरी काय?" मी म्हटलं, "मला बस हवी आहे. बाकीच्यांचं विचारून सांगते." त्यांना तो विनोद कळला नाही. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तू कशाला गेलीस तिथे?" घ्या! म्हणजे शेवटी चूक माझीच.

मैत्रिणीजवळ बोलले. तिच्या स्वयंपाकघरात, ती पोळ्या लाटत असताना. ती म्हणाली, "अगं, हसून मान्य करून टाक ना. 'हो, माझंच होतं, बोला काय म्हणणं आहे?' असं म्हण. चिडवण्यात मजाच उरणार नाही त्यांना."

"अगं पण मी दिलंच नाही ते मत!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं, तिचाही विश्वास नाही बसला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण मी मनाची समजूत घातली, की ती चांगली आहे, तिला फक्त भांडणं नको असतात.

ग्रुपतर्फे दर शनिवारी मुलांचा मराठी वर्ग भरायचा. एका शनिवारी लेक तिथून आली ती गप्प. बूट काढता काढता तिने इथल्या मुलांच्या इंग्रजीत विचारलं, "आई, यू व्होटेड राँग अह?"

"कोण म्हणालं?"

"एव्हरीबडी सेज, ला. टीचर पण हसली."

मी तिला समजावलं, की मत कधी चूक किंवा बरोबर नसतं. ती म्हणाली, मग सगळे का हसतात? मी तिचे बूट उचलून ठेवले. पुढच्या आठवड्यात फोन आला. एक मे जवळ आला होता, महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन माझी लेक करणार होती, कारण तिच्याइतकं स्वच्छ मराठी दुसऱ्या कुठल्याच मुलाला बोलता येत नव्हतं. ते काकूने घडवलं होतं, एकेक वाक्य घोटून घेतलं होतं. पोरगी आंघोळ करतानासुद्धा 'रसिकहो' म्हणत असायची. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "यंदा दुसऱ्या मुलीला संधी देऊ या म्हणतोय. तुम्हाला पटेलच. सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय." पोरीला सांगितलं तर ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बिकॉज ऑफ यू?"

माझा संताप अनावर झाला. तशीच चार मजले उतरून मैत्रिणीकडे गेले. लेक माझ्या मागोमाग आली आणि आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसली. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच म्हटलं, "बस झालं आता. मी आत्ता अध्यक्षांना फोन लावते. स्पष्ट सांगते, ते मत माझं नव्हतं. आणि असतं तरी त्यात माझ्या पोरीचा काय संबंध?"

"नको लावूस," ती म्हणाली.

"का नको?"

"मग ते शोधत बसतील, कुणाचं होतं म्हणून."

"शोधू देत की! मला काय त्याचं?"

ती खाली बसली. ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या हातांआडून म्हणाली, "माझं होतं गं ते."

तीच बोलत राहिली. डोंबिवलीला मतदानाच्या दिवशी सासरे सगळ्यांना दाराशी उभं करतात, नाव सांगतात आणि रांगेने घेऊन जातात. लग्न झाल्यापासून तिला कुणी विचारलेलंच नाही, तुला काय वाटतं म्हणून. इथे नवरा तेच बोलतो, फोनवर सासरे तेच. "चादरीआड गेले, हातात पेन होतं, कुणी बघत नव्हतं. म्हटलं, हे थोडंच कुठे मोजणार आहेत? एकदा तरी माझ्या मनासारखं करावं. मला काय माहीत, सगळेच्या सगळे एका बाजूला जातील आणि माझं एकटंच उरेल?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. चौतीस जणांत मनापासून मतदान केलेलं ते एकच माणूस असेल. मी तिच्या खांद्यावर हातही ठेवला. आणि विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस? निदान मला तरी सांगायचंस."

"ह्यांना कळलं असतं तर? रोज त्यावरून टोमणे. आणि मे महिन्यात सासू-सासरे येताहेत राहायला. मला त्या घरात राहायचंय गं." मग डोळे पुसून, अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुझं तसं नाही ना. तुमच्याबद्दल ते तसं धरूनच चालतात. तुला काय नवीन आहे त्यात?"

तिच्या आवाजात जराही खोट नव्हती. माझं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिला ते मनापासून वाटत होतं, की मला सवय आहे, मला लागत नाही. चार वर्षं जिच्या ओट्याशी उभी राहून मी चहा प्यायले, तिने माझ्याकडे बघून हा हिशेब केला होता. मी हात काढून घेतला. लेकीला हाक मारली, तिचं दप्तर घेतलं. दाराशी मैत्रिणीने विचारलं, "सांगणार नाहीस ना कुणाला?"

"नाही," मी म्हटलं.

आणि नाही सांगितलं. सांगून कुणाला पटणार होतं? म्हणाले असते, बघा, आता त्या गरीब बिचारीवर ढकलतेय. आणि पटलं असतं तर तिच्या घरात रोज आग. त्यातून माझ्या पदरात काय पडणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवलं. तिने विचारलं, "दुपारी काकूकडेच ना?" स्वाभिमान वगैरे सगळं ठीक आहे हो, पण दीड वाजता शाळा सुटते आणि मी वन-नॉर्थहून सातला येते. शाळेच्या पाळणाघरात जागा नव्हती. नवरा समुद्रापलीकडे. मी म्हटलं, "हो, काकूकडेच." संध्याकाळी आणायला गेले तर ती पोरीला कालवलेला दहीभात भरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज शाळेत काही खाल्लं नव्हतं तिने." मी म्हटलं, "थँक्यू." चार वर्षांत मी तिला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं.

एक मेला कामगार दिनाची सुट्टी असते, त्याच संध्याकाळी कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हते. लेक म्हणाली, मला काकूबरोबर बसायचंय, आणि मी गेले. त्या दोघी दुसऱ्या रांगेत, मी मागे भिंतीशी. दुसऱ्या मुलीने निवेदन केलं. तीनदा अडखळली, लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. माझी लेक प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होती. शेवटी अध्यक्षांनी माइक घेतला, सगळ्यांचे आभार मानले, हॉलभर नजर फिरवली आणि मी दिसल्यावर म्हणाले, "आणि आज आमचं ते एक मतसुद्धा आवर्जून आलेलं आहे बरं का!"

हॉल हसला. मैत्रिणीचा नवरा मागे वळून माझ्याकडे बघून हसला. मग त्याने शेजारी बायकोकडे बघितलं, आणि तीही हसली. लेकीला काही कळलं नव्हतं. तिने मान वर करून काकूचा चेहरा बघितला, काकू हसतेय हे बघितलं, आणि तीही हसायला लागली.